रिकाम्या बारीचा विक्रम

भोरच्या भार्गवी सबनीसनं कंपायलरला एक शब्द दिला होता आणि तो खोटा निघाला. माणसाला दिलेला शब्द मोडला तर माणूस भांडतो, रुसतो, फार तर लग्नाकार्यात तोंड फिरवून बसतो. कंपायलर यातलं काहीच करत नाही. तो तुमच्या शब्दावर विसंबून सरळ खड्ड्यात उतरतो आणि जाताना तुम्हालाही हाताला धरून नेतो.

कंपायलर म्हणजे कोण, हे आधी सांगून टाकलेलं बरं. यंत्रानं काय करायचं ते भार्गवीसारखी माणसं एका भाषेत लिहितात. यंत्राला ती भाषा येत नाही. मग मध्ये एक दुभाषा लागतो, तो हा. गृहस्थ अतिशय काटकसरी. तुम्ही दहा ओळी लिहून द्या, यातल्या कुठल्या वगळता येतील तेच तो आधी बघणार. पण वगळायच्या तर त्याला कुणाची तरी हमी लागते. 'या घरात माणूस असतंच, दार वाजवत बसू नकोस,' अशी हमी दिलीत, की तो दार वाजवायचं कामच काढून टाकतो. घरात खरंच कुणी आहे का, हे तो पुन्हा विचारत नाही. विचारणार तरी कुणाला? तुम्हीच तर सांगितलेलं असतं.

भार्गवीनं इंजिनिअरिंग पुण्यात केलं. बरोबरचे सगळे तिथंच चिकटले आणि ही एकटी परत आली. भोरच्या एसटी स्टँडमागं तिनं एक गाळा घेतला आणि त्यात बसून बैलगाडा शर्यतीचं घड्याळ बनवलं. गाडा सुटला की घाटाच्या, म्हणजे शर्यतीच्या चढाच्या, तोंडाशी एक किरण तुटायचा, वर निशाणापाशी दुसरा, आणि मधली वेळ मोठ्या लाल आकड्यांत फलकावर झळकायची. हातातल्या घड्याळांवरून जत्रेत जी डोकी फुटतात ती यापुढं फुटणार नाहीत, असं तिचं म्हणणं होतं.

तिच्या वडिलांचं म्हणणं निराळं होतं. आनंदराव कोर्टातून निवृत्त झालेले, बोलायला लागले की समोरच्याला पुढची तारीखही मिळायची नाही. बायको गेल्यापासून घरात ते आणि मुलगी, दोघंच. त्यांनी ओळखीपाळखी काढून हिंजवडीला एका कंपनीत भार्गवीसाठी नोकरी ठरवली होती आणि ती बातमी दूधवाल्यापासून न्हाव्यापर्यंत सगळ्या भोरला सांगून झाली होती. 'मुलीला अडवून ठेवणारा बाप मी नव्हे,' हे त्यांचं पालुपद. अखेर बाप-लेकीत करार झाला. करंजघोळच्या जत्रेत घड्याळ चाललं आणि ते बघून एका तरी गावानं पुढच्या वर्षासाठी मागितलं, तर गाळा राहणार. नाहीतर सोमवारी पुणे.

करंजघोळ म्हणजे वेल्ह्याकडं, गुंजवण्याच्याही वर, डोंगराच्या कुशीत चिकटलेलं गाव. इथं एका वेळी एकच जोडी घाटात सुटते. त्या धावेला बारी म्हणतात आणि सगळ्यांत कमी वेळात घाट चढेल तो 'घाटाचा राजा'. जत्रा कमिटीचे अध्यक्ष मानसिंग. हे गृहस्थ घड्याळ बघायला म्हणून भोरला गाळ्यावर आले आणि घड्याळाकडं बघायच्या आधी फलकाकडं बघत उभे राहिले.

"ताई, ह्याच्यावर नाव फिरतं का?"

"फिरतं की. गाडामालकाचं नाव फिरेल."

"तसं न्हाई. सुरवातीला माजं फिराय पायजे. पुढं-मागं थोडं लावून."

हे थोडं म्हणजे 'कार्यसम्राट, गोरगरिबांचे कैवारी, युवकांचे धडधडते हृदय, दानशूर मानसिंगभाऊ यांच्याकडून सर्वांचे सहर्ष स्वागत' इतकं निघालं. युवकांच्या या हृदयानं नुकतीच साठी ओलांडली होती. पण ते जाऊ द्या, गिऱ्हाईक देव असतं.

अडचण अशी की भार्गवीनं लावलेली चिप स्वस्तातली होती. तिचं पोट एवढंसं. त्यात शर्यत मावली, गाडामालकांची नावं मावली आणि दानशूरपर्यंत येता येता जागा संपली. भार्गवी काय कापता येईल ते बघायला बसली. तिच्या कोडमध्ये प्रत्येक बारीला एक पॉइंटर होता. पॉइंटर म्हणजे नुसतं दाखवणारं बोट: या बारीचा गाडा तिकडं आहे. बोट दाखवतं तिकडं जाऊन वेळ वाचण्यापूर्वी ती दर वेळी विचारायची, बोटापुढं खरंच गाडा आहे की पोकळी? पोकळी असेल तर फलक अंधारा ठेवायचा. हा प्रश्न ती जागोजागी विचारत होती, आणि दर वेळी त्याला जागा लागत होती. आता कंपायलरला एकदाच हमी दिली, की बोटापुढं गाडा असतोच, तर हे सगळे प्रश्न तो आपणहून काढून टाकील आणि मानसिंगभाऊ पोटात मावतील.

मुलगी बेजबाबदार नव्हती. हमी देण्याआधी तिनं मानसिंगना फोन केला.

"काका, तुमच्याकडं गाडा नसलेली बारी असते का हो? म्हणजे नाव पुकारलं आणि घाटात गाडाच नाही, असं होतं का?"

पलीकडं दार लावल्याचा आवाज आला. मग मानसिंग आवाज दाबून म्हणाले, "ताई, असलं तोंडातनं काढू नगा. आमच्या हितं दर बारीला गाडा असतोय म्हंजी असतोय."

"नक्की ना? मी तसं मशीनला सांगून टाकते."

"बिनघोर सांगा. नाथाची आन."

गावच्या देवाची आण घेतल्यावर आणखी काय पाहिजे? भार्गवीनं एक शब्द लिहिला. कंपायलरनं सगळे प्रश्न काढून टाकले, कोड सुटसुटीत झाला, चिपमध्ये मावला आणि वर आधीपेक्षा चपळही झाला. तिनं स्वतःवर खूश होऊन स्टँडवरून भजी आणली आणि बापाला न देता खाल्ली.

मानसिंग खोटं बोलले नव्हते, हीच तर गंमत. करंजघोळमध्ये पहिल्या बारीचा मान दारवटकरांच्या घराचा. पण दारवटकरांची खाचरं धरणाच्या पाण्यात गेली, गोठा मोडला, बैल विकले. पुढं घरचा कर्ता पुरुषही गेला. मागं राहिल्या एकट्या धोंडाबाई. त्यांचा मान कसा काढून घ्यायचा, म्हणून गावानं एक सोय केली. पहिली बारी दारवटकरांच्या नावानं पुकारायची, निशाण पाडायचं, घाट मोकळाच ठेवायचा आणि सगळ्यांनी गुलाल उधळून ओरडायचं, 'आला, आला, नाथाचा गाडा आला!' पहिल्या बारीला गाडा नाही असं कुणी म्हणायचं नाही, मनातसुद्धा नाही. एका वर्षी गावच्या जावयानं 'कुठं आहे गाडा?' असं विचारलं होतं, त्याला सासऱ्यानं पुढच्या दिवाळीला बोलावलं नाही. आता सांगा, अशा गावाच्या अध्यक्षाला फोनवर विचारलं तर तो दुसरं काय सांगणार? शर्यतीची नावं भरताना पहिल्या बारीपुढची जागा मानसिंगनी भक्तिभावानं कोरी ठेवली, आणि याचा भार्गवीला पत्ता नव्हता.

जत्रेच्या दिवशी ऊन मी म्हणत होतं. घाटाच्या दोन्ही अंगांनी माणसं, झाडांवर माणसं, टेम्पोच्या टपावर माणसं. पालीकडून, वरवे बुद्रुककडून जत्रा कमिट्यांची माणसं खास घड्याळ बघायला आलेली. आनंदराव पांढरी टोपी घालून मंडपात पुढच्या खुर्चीत बसले होते आणि शेजारच्या अनोळखी माणसाला हिंजवडी म्हणजे नक्की कुठं ते समजावत होते. फलकावर मानसिंगभाऊ सगळ्या बिरुदांसकट तीन वेळा फिरून गेले. टाळ्या पडल्या. सगळ्यांत जोरात मानसिंगच्याच.

"पहिली बारी," निवेदक ओरडला, "मानाचे मानकरी, दारवटकर!"

धोंडाबाई आरतीचं ताट घेऊन घाटाच्या तोंडाशी आल्या. बारीक चणीची बाई, नऊवारी नेसलेली, कपाळावर भला मोठा बुक्का. त्यांनी समोरच्या हवेला नीट ओवाळलं, हवेच्या पायावर पाणी घातलं आणि बाजूला झाल्या. निशाण पडलं. 'भिर्रर्र' झालं. गुलाल उडाला.

भार्गवी मान उंच करकरून बघत होती. तिच्या शेजारी गोरख आपल्या बैलांच्या जुवाचे दोर आवळत उभा होता. गेल्या साली घाटाचा राजा हाच झाला होता, आणि यंदाही तयारी तीच होती.

"अहो, गाडा कुठं आहे?" तिनं विचारलं.

गोरखनं ओठांवर बोट ठेवलं. "आलाय म्हना."

"पण कुठं?"

"म्हना ओ ताई, गपगुमान."

भार्गवी फलकाकडं वळली. वरच्या निशाणवाल्याकडं बारी संपली की दाबायचं बटण दिलेलं होतं. त्यानं इमानेइतबारे ते दाबलं. फलकानं क्षणभर विचार केला, किंवा केलाच नाही म्हणा, कारण विचार करायचं काम भार्गवीनंच काढून टाकलं होतं. आणि लाल आकडे पेटले.

१०.२४.

 इथं आजवर कुठलाच बैल अकरा सेकंदांच्या आत घाट चढला नव्हता. इतकी वर्षं सगळे 'आला, आला' ओरडत होते खरे, पण नाथ खरोखरच येईल आणि वर विक्रमही करील, याची कुणाच्याच मनाची तयारी नव्हती.

मग जे झालं ते सांगायला एक तोंड पुरणार नाही. माणसं फलकाला लोटांगण घालायला लागली. निवेदकाचा आवाज फाटला, "दहा पॉइंट चोवीस! नाथाचा गाडा दहा पॉइंट चोवीस!" कुणी नारळ फोडला तो थेट घड्याळाच्या पेटीवर. एका म्हाताऱ्यानं बैलांचे खूर आपण डोळ्यांनी पाहिल्याचं सांगितलं. शेजारच्यानं रंगही सांगितला, कोसा.

भार्गवी तेवढी जागच्या जागी गोठली होती. दहा पॉइंट चोवीस सेकंद म्हणजे दहा हजार दोनशे चाळीस मिलिसेकंद. आणि दहा हजार दोनशे चाळीस हा आकडा तिनं झोपेतसुद्धा ओळखला असता. चिपच्या पोटाचं ते माप होतं. बोटापुढं गाडा नव्हता, पोकळी होती. पोकळीत कुणी डोकावू नये म्हणून जो प्रश्न असतो तो कंपायलरनं तिच्याच हमीवर काढून टाकला होता. यंत्राच्या लेखी पोकळी म्हणजे शून्य नंबरचं घर; ते बेधडक त्यात शिरलं, तिथं चिपनं आपली जागा कुठवर आहे ते स्वतःपुरतं नोंदवून ठेवलेलं असतं, ते वाचलं आणि हीच शर्यतीची वेळ म्हणून बाहेर येऊन सांगितलं. तिनं कपाळावर हात मारून घेतला.

बाऱ्या पुढं सुरू झाल्या. गाडे आले आणि गेले. गोरखचे बैल जीव काढून घाट चढले. ११.०६. एरवी याच वेळेवर त्याला खांद्यावर घेऊन नाचवलं असतं. आज लोकांनी सहानुभूतीनं मान हलवली. फलकावर वरच्या कोपऱ्यात आघाडीची वेळ होती, १०.२४, आणि ती मानवी प्रयत्नांनी हलणारी नव्हती.

गोरख तरातरा मंडपात आला. "म्या देवासंगं भांडत न्हाई," तो भांडायच्या आवाजात म्हणाला. "पन देवानं बैल तरी दावावं का नगं? आमी वरीसभर खुराक घालायचा, अन् राजा कोन तर जो दिसतच न्हाई त्यो?"

"आरं, नाथानं मनावर घेतलंय," मानसिंग म्हणाले.

"मंग नाथाला म्हनावं पुन्यांदा पळ. सगळ्यांसमूर."

गाव तयार झालं, उत्साहानं तयार झालं. मोकळी बारी पुन्हा सोडली. धोंडाबाईंनी हवेला पुन्हा ओवाळलं. निशाण पडलं, बटण दाबलं. १०.२४. एका शतांशाचा फरक नाही. आता तर शंकेला जागाच उरली नाही. "दमत न्हाई!" मघाचा म्हातारा किंचाळला. "बगा, देव दमत न्हाई!" गोरख डोक्याला हात लावून खाली बसला.

पालीचा माणूस भार्गवीजवळ येऊन हळूच म्हणाला, "ताई, आमच्याकडं बी हेच घड्याळ पायजे. हेच, दुसरं नगं." वरव्याच्या माणसानं त्याला कोपरानं मागं सारलं, कारण त्यांची जत्रा आधी होती.

झालं की काम! एका गावाची अट, इथं दोन गावं ओढाओढ करत होती. आनंदराव खुर्चीतून उठून आले होते. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांच्या चेहऱ्यावर लेकीच्या धंद्याचा अभिमान दिसत होता. "माझी मुलगी," ते ज्याला त्याला सांगत होते, "हे मशीन माझ्या मुलीनं केलं."

तेवढ्यात मानसिंगनी माईक हातात घेतला. कमिटीपुढं पेच होता. राजा कोण, नाथ की गोरख? नाथ असेल तर मानाची ढाल धोंडाबाईंच्या घरी जाणार. गोरखची माणसं बाह्या सरसावून उभी होती. "आता ताईनीच सांगावं," मानसिंग म्हणाले. "घड्याळ बरूबर हाय का चूक?"

भार्गवी माईकपुढं उभी राहिली. मागून आनंदराव कुजबुजले, "बरोबर म्हण. एकच शब्द. बरोबर."

मोह कुणाला होत नाही? 'बरोबर' म्हटलं की गाळा राहिला. गावोगावच्या नाथांनी तिचं घड्याळ मागवलं असतं, आणि प्रत्येक नाथ दहा पॉइंट चोवीसमध्ये घाट चढला असता. 'चूक' म्हटलं की सोमवार. तिला रडू येत होतं. पण गोरख खाली बसून आपल्या बैलाच्या पायाची माती हातानं पुसत होता, तो तिला दिसला, आणि आपल्या एका शब्दापायी याची खरीखुरी वेळ खोटी ठरतेय हे तिला सहन झालं नाही.

"चूक," ती म्हणाली. "चूक माझी आहे. फक्त पहिली बारी चुकली, बाकीच्या सगळ्या बरोबर आहेत. मी मशीनला सांगितलं होतं, की गाडा असतोच, बघायची गरज नाही. त्यानं माझ्यावर विश्वास ठेवला आणि बघितलंच नाही." तिनं माईक जवळ घेतला. "पहिल्या बारीत गाडा नव्हता."

गुलालसुद्धा हवेत थबकल्यासारखा वाटला. इतक्या वर्षांत हे वाक्य या घाटात कुणी उच्चारलं नव्हतं. पालीचा माणूस एक पाऊल मागं सरकला. वरव्याचा दोन. मानसिंगनी दोन्ही कानांना हात लावले आणि मग सवयीनं फलकाकडं बघितलं. आनंदराव कसलेले कोर्टवाले, आता कोणता अर्ज करता येईल याचा विचार करत होते.

"धोंडाबाय," मानसिंग घाईघाईनं म्हणाले, "ह्ये लेकरू हाय. तिच्या बोलन्याचं वाईट वाटून घिऊ नगा. गाडा व्हता, आमी समद्यांनी बगितला."

धोंडाबाई ताट घेऊन उभ्याच होत्या. त्यांनी मानसिंगकडं बघितलं, मग ताट जमिनीवर ठेवलं.

"न्हवता," त्या म्हणाल्या. "पोरगी खरं बोलती. गाडा न्हवता. गेल्या साली बी न्हवता. म्या हितं हुबी ऱ्हाते, ववाळते, समूर नुसता फुफाटा. अन् समदं गाव सांगतंय गाडा हाय म्हनून."

"आवं, तुमचा मान ऱ्हावा म्हनूनच की..."

"मान ऱ्हायला रं बाबा. पन समद्यांनीच गाडा हाय म्हनल्यावर मला इचारायचं कुनी? 'धोंडाबाय, एक बारी बैल देऊ का,' म्हनून एक मानूस दारात आला न्हाई. कसा यील? जिचा गाडा पळतोय तिला बैल कशाला पायजेत?" त्यांचा आवाज इथं चिरकला, तसा त्यांनी रागानं पदर सावरला. "मला बैल पळवायचा हाय. मरायच्या आदी एकदा. खरा."

 हे दुःख इतक्या वर्षांत कुणाला दिसलं नव्हतं, आणि दिसायला काही अवघडही नव्हतं.

सगळ्यांत आधी गोरख उठला. मघाशी देवाशी भांडणारा हा माणूस, त्यानं आपल्या जोडीतला एक बैल सोडला आणि कासरा धोंडाबाईंच्या हातात दिला. "ह्यो घ्या, मावशी. पाखऱ्या. म्या हाकतो. दुसरा दमलाय माजा, दुसरा कोन देतंय?"

सगळ्यांच्या माना मानसिंगकडं वळल्या. मानसिंगचा बैल 'साहेब' शिंगं रंगवून मंडपाशेजारी बांधलेला होता. तो कधी पळत नसे. तो उद्घाटनांना जात असे. पण नाही म्हणायची ती वेळ नव्हती.

"थांबा," भार्गवी म्हणाली. "आता खरा गाडा धावणार तर घड्याळानंही खरं बघायला पाहिजे. मी हमी काढून टाकते. पण मग जागा कमी पडते, काका. काहीतरी कापावं लागेल." ती जरा घुटमळली. "तुमचं स्वागत कापावं लागेल."

मानसिंगचा चेहरा पडला. "समदं?"

"दानशूर राहील."

"कैवारी बगा की ऱ्हातंय का."

"एकच राहील, काका."

धोंडाबाईंनी नुसतं त्यांच्याकडं बघितलं. मानसिंग दानशूर झाले. भार्गवीनं लॅपटॉप मांडीवर घेऊन तो एक शब्द खोडला, कंपायलरनं कुरकुर न करता सगळे प्रश्न जागच्या जागी परत ठेवले, आणि कार्यसम्राट हृदयासकट कायमचे गेले. तिनं एकदा मोकळ्या घाटावर बटण दाबून बघितलं. फलक अंधारा राहिला. तेव्हा पहिल्या बारीपुढच्या कोऱ्या जागेत तिनं दारवटकरांचं नाव भरलं.

मग पहिली बारी सुटली, सगळ्यांत शेवटी. पाखऱ्या बाणासारखा निघाला. साहेब मात्र बाणासारखा वगैरे जाणाऱ्यांतला नव्हता. पाखऱ्या ओढतोय म्हणून तो मंडपापर्यंत कसाबसा आला, आणि मंडप दिसल्याबरोबर थांबला. आजवर मंडपापुढं उभं राहिलं की त्याच्या गळ्यात हार पडत आला होता. तो मान पुढं करून वाट बघत उभा राहिला. गोरख ओरडला, पाखऱ्यानं हिसके दिले, लोकांनी टोप्या उडवल्या, साहेब हलेना. शेवटी मानसिंग धावत गेले, स्वतःच्या गळ्यातला हार काढून त्याला घातला आणि हात जोडले, तेव्हा स्वारी पुढं निघाली. त्यांच्या मागून, सगळे नको नको म्हणत असताना, पदर खोचून, 'भिर्रर्र' करत धोंडाबाई स्वतः घाट चढत होत्या.

६१.४०. करंजघोळच्या घाटातली ही आजवरची सगळ्यांत रद्दड वेळ. त्या वेळेवर जेवढा गुलाल उधळला गेला तेवढा कुठल्या राजावरही उधळला गेला नसेल. ढाल गोरखला मिळाली. धोंडाबाईंना ढालीचं काही नव्हतं. त्या फलकाखाली उभ्या राहून येईल त्याला वाचून दाखवायला लावत होत्या, "किती आलंय रं? पुन्यांदा सांग."

मात्र पाली आणि वरवे यांचा पत्ता नव्हता. जे घड्याळ 'गाडा नाही' म्हणून दाखवतं ते आपल्या गावात न्यायची छाती कुणाची होणार? मानसिंग निरोप द्यायला आले खरे, पण पुढच्या वर्षाचं काही बोलले नाहीत. दानशूर एवढ्यावर त्यांचं मन रमत नसावं.

उन्हं उतरल्यावर बाप-लेक फाट्यावर एसटीची वाट बघत बसले. मध्ये घड्याळाची पेटी, तिच्यावर नारळाचं पाणी वाळून डाग पडलेला. करार होता तो होता. एकाही गावाची मागणी उरली नव्हती. फाट्यावर आणखी दोघं-तिघं होते, पण आनंदरावांनी त्यांना हिंजवडी कुठं ते सांगितलं नाही.

 हिंजवडीचं ठरल्यापासून, आपण पुण्याला जावं असंच बाबांना वाटतं, हे भार्गवी धरूनच चालली होती. ते तसं सगळ्या भोरला सांगत होते. मग विचारायचं काय उरलं?

"बाबा," ती म्हणाली, "मी सोमवारी गेले तर तुम्हाला चालेल?"

आनंदरावांनी टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली. "मुलीला अडवून ठेवणारा बाप..." त्यांनी सुरुवात केली आणि वाक्य मध्येच सोडून दिलं. कोर्टात जन्म गेला तरी त्यांना खोटी साक्ष नीट देता येत नव्हती.

"नाही चालणार," ते म्हणाले. "घरी एकट्यानं मी काय करू? भिंतींना हिंजवडी सांगू?"

लांब वळणावर एसटी दिसली. आनंदराव उठले आणि म्हाताऱ्या हातांनी पेटीची एक बाजू उचलायला लागले.

"धर तिकडून," ते म्हणाले. "गाळ्यावरच उतरवू."